शहाजोग हुंडी ते क्यूआर कोड : अनोळखी गिऱ्हाईक आणि आपली सांगली

गेल्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास विश्रामबागेतल्या एका फोटोग्राफर मित्राचा फोन आला. लग्नाचे फोटो काढतो. नवा कॅमेरा घ्यायचा म्हणून जुना कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून एक लाख दहा हजारांना विकायची जाहिरात त्यानं ऑनलाइन टाकली होती. अर्ध्या तासात गिऱ्हाईक हजर. मी लष्करात आहे, पोस्टिंग लांब आहे, वस्तू बघायची गरज नाही, भाव मान्य. पैसे आत्ता पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका.

मित्र विचारत होता, "अरे, माणूस चांगला वाटतोय. ओळखपत्राचा फोटोपण पाठवलाय. करू का?"

म्हटलं, काही करू नकोस, फोन ठेव. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.

हे मी फार हुशार आहे म्हणून सांगितलं असं नाही. पाच वर्षांपूर्वी मी माझी जुनी मोटारसायकल एकाला विकली. स्टँडजवळ भेटला, बोलायला गोड, घरच्यांची चौकशी वगैरे. मोबाइलवर 'पैसे गेले'चा हिरवा स्क्रीन दाखवला, मी किल्ली दिली. खात्यात रुपया आला नाही. बावीस हजार गेले. फसवणुकीच्या बातम्या लिहिणारा मीच, त्यामुळं चार दिवस ऑफिसात कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

पण मित्राचं ते 'माणूस चांगला वाटतोय' डोक्यातून जाईना. कारण हा आपला जिल्हा दोनशे वर्षं अनोळखी माणसालाच माल विकतोय. हळद, गूळ, बेदाणा, द्राक्षं, खिलार बैल, मिरजेचा तंबोरा. यातलं गिऱ्हाईक गल्लीतलं नसतं. मग जुन्या लोकांनी हे निभावलं कसं? आमच्याकडची माणसं काही जास्त भोळी नव्हती की जास्त सज्जनही नव्हती.

१८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि सांगली संस्थान उभं राहिलं. गाव कृष्णेकाठचं, त्यात बाजारपेठ वसवलेली. हळदीचा व्यापारी माल इथं घेणार आणि विकणार कुठं तर शेकडो कोसांवर. त्या काळात रोकड बरोबर घेऊन फिरणं म्हणजे वाटेत लुटारूंना आमंत्रण. म्हणून हुंडी. एका गावच्या पेढीनं दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी, की अमुक इतके रुपये द्यावेत.

हुंडीचे प्रकार बघण्यासारखे आहेत. दर्शनी म्हणजे दाखवल्याबरोबर पैसे. मुदती म्हणजे ठरलेल्या दिवसांनी. आणि एक शहाजोग. या हुंडीचे पैसे कुणाही आणणाऱ्याच्या हातावर ठेवायचे नाहीत. ती बाजारात पत असलेल्या 'शहा'मार्फतच यायला हवी. उद्या हुंडी चोरीची निघाली तर पैसे परत करायची जबाबदारी त्या शहावर. म्हणजे समोर आलेला माणूस कसा दिसतो, काय बोलतो, याला किंमत शून्य. त्याच्यासाठी बाजारातलं कोण उभं राहतंय, एवढंच बघायचं.

आता गंमत बघा. आज आपण मराठीत 'शहाजोगपणा' कशाला म्हणतो? सभ्यपणाचा आव आणण्याला. ज्या शब्दाचा अर्थ 'पत असलेल्याला देण्याजोगं' असा होता, तो आपण आव आणणाऱ्याला चिकटवला. का, ते भाषेच्या जाणकारांनी सांगावं. माझा आपला अंदाज असा की पत नसताना शहासारखं वागणारे तेव्हाही बरेच असावेत.

आणखी एक जोखमी हुंडी होती. माल सुखरूप पोचला तरच पैसे, वाटेत बुडाला तर नाही. विमा आणि उधारी एकाच कागदावर. हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळायची, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. इंग्रजांनी १८८१ मध्ये धनादेश-वचनचिठ्ठीचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज त्यात तसेच राहू दिले. बाजारानं बसवलेली घडी विस्कटायची नाही, एवढं शहाणपण त्यांनी दाखवलं.

हुंडी झाली पेढीवाल्यांची. शेतकऱ्याचं काय? त्याच्यासाठी अडत्या.

आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, गणपती पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. पांढरी टोपी, कानावर पेन, पुढ्यात लाल कापडी बांधणीची चोपडी. लहानपणी सुट्टीत मी तिथं जाऊन बसायचो. हळदीच्या पोत्यांचा तो उग्र वास अजून नाकात आहे. खरेदीदार हळकुंड मोडायचा, आतला रंग बघायचा, भाव बोलायचा. शेतकरी आणि खरेदीदार यांची ओळख नाहीच. बरेचदा भाषाही एक नाही. शेतकरी पट्टी घेऊन अडत्याकडून पैसे घ्यायचा. खरेदीदाराकडून वसूल करणं ही अडत्याची डोकेदुखी.

एकदा मी आबांना विचारलं होतं, "तो बाहेरचा शेठ पैसे न देता पळून गेला तर?" आबा म्हणाले, "पळाला तर आमचे पळाले. शेतकऱ्याची पट्टी काल झाली."

अडत्याला देव करायचं नाही मला. हमाली, तोलाई, अडत, शिवाय आगाऊ उचल दिलेली असली की त्याचं व्याज. पट्टी हातात पडल्यावर शेतकऱ्याचा उतरलेला चेहरा मी त्याच दुकानात बघितलाय. उचल घेतलेला शेतकरी दुसऱ्याच्या दुकानात माल नेऊ शकत नव्हता, हेही खरं. याच लुबाडणुकीवर उपाय म्हणून बाजार समितीचे कायदे आले. आधी मुंबई इलाख्याचा १९३९ चा, मग महाराष्ट्राचा १९६३ चा. परवाना घेतल्याशिवाय व्यापार नाही, वजन समितीच्या देखरेखीत, आणि मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते करायचे. नियम कितपत पाळले गेले हा वेगळ्या पोस्टचा विषय. पण मधे उभा राहणारा माणूस महाग असला तरी होता. त्याच्या नावाची पाटी होती, दुकान होतं, चार पिढ्या त्याच गावात होत्या. बुडवून जाणार कुठं?

हरिपूरची पेवं तर याच्याही पुढची गोष्ट. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती अशी की जमिनीत खोल पेव खणून हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं कीड लागत नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचं, हवा खेळू द्यायची. माल जमिनीखालीच राहायचा आणि वर त्याच्या पावतीचा व्यवहार व्हायचा. सौदा झाला तरी पोतं जागचं हलत नाही. अनोळखी माणसाला माल विकायची याहून सुरक्षित रीत कुठली? २००५ च्या महापुरात या पेवांचं फार मोठं नुकसान झालं. आता शीतगृहं आहेत, गोदामं आहेत. पेवांची आठवण काढणारी माणसं कमी होत चाललीत.

बैलबाजारातही हेच सूत्र, फक्त आवाज जास्त. खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरं येतात, गिऱ्हाईक कर्नाटकातूनही येतं. एकेका बैलाची किंमत ऐकली तर शहरातल्या माणसाला मोटारीची वाटेल. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरणार, दलाल दोघांच्या मधे. सौदा जमला की विसार. विसार घेतला की त्या बैलाला दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. मग बाजाराची पावती, आणि पूर्ण पैसे हातात पडल्यावरच कासरा सोडायचा. ऑनलाइन विक्रीबद्दल मला कुणी एका वाक्यात सल्ला मागितला तर मी हेच सांगेन, कासरा आधी सोडू नका.

बाजारात न येता लांबून मागवणारं गिऱ्हाईक आलं ते पोस्ट आणि रेल्वेमुळं. पोस्टानं १८७७ मध्ये व्हीपी म्हणजे व्हॅल्यू पेएबल पद्धत सुरू केली. विक्रेत्यानं पार्सल पोस्टात द्यायचं, पोस्टमननं पैसे घेतल्यावरच ते गिऱ्हाइकाला द्यायचं, आणि ते पैसे विक्रेत्याकडे परत पाठवायचे. पुस्तकं, औषधं, घड्याळं असं काय काय लोकांनी व्हीपीनं मागवलं. आजचं 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणजे पणजोबांचं व्हीपी. तेव्हाही लोक पार्सल परत पाठवायचेच, आणि परतीचा खर्च विक्रेत्याच्या माथी.

अवजड मालाला रेल्वे. माल गाडीत चढवायचा, त्याची पावती, व्यापारी तिला आर.आर. म्हणतात, बँकेमार्फत गिऱ्हाइकाच्या गावी पाठवायची. त्यानं बँकेत पैसे भरले की पावती हातात, पावती दाखवली की स्टेशनावर माल ताब्यात. माल गिऱ्हाइकाच्या गावात पोचलाय, पण कागद बँकेच्या कपाटात आहे. १९१६ मध्ये सांगली बँक निघाली. २००७ मध्ये ती दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली, पण जुने व्यापारी अजून 'आपली बँक' म्हणतात ते उगाच नाही.

याच भागात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केले, तर ते घ्यायला कुणी तयार नाही. लोखंडानं जमीन विषारी होते ही लोकांची समजूत. तिथं विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची खात्री नव्हती आणि गिऱ्हाइकाला वस्तूचीच नव्हती. पुढं १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. मराठी साहित्यात आपण त्या मासिकाचं कौतुक करतो, पण ते सुरू झालं ते कारखान्याची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला. ओळख नसेल तर ती आधी तयार करायची, मग विकायचं.

आता द्राक्षं. इथं मात्र माझा सूर बदलणार, आधीच सांगतो.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, खानापूर. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याकडं एकाच बागेतून दोन माल निघतात. द्राक्ष सुकवून बेदाणा केला की तो शीतगृहात जातो, तासगावला नाहीतर सांगलीला सौद्याला लागतो, अडत्यामार्फत विकला जातो. तिथंही तक्रारी आहेत, सौद्यात बेदाण्याची उधळण करतात, पैसे लांबवतात. पण माल थांबू शकतो. भाव नाही पटला तर आज विकत नाही म्हणता येतं.

खायचं द्राक्ष थांबत नाही. गोडी भरली, वर ढग आले, की शेतकऱ्याचा जीव टांगणीला. बांधावर बाहेरचा व्यापारी येतो. गावात खोली भाड्यानं घेतो, दोन-चार स्थानिक पोरं हाताशी धरतो, चार किलोच्या पेटीला इतरांपेक्षा पाच-दहा रुपये जास्त देतो. पहिली गाडी रोखीनं. दुसरीला निम्मे. तिसरीला चेक. मग एका रात्रीत खोलीला कुलूप आणि फोन बंद. दहा टनांची गाडी, किलोला चाळीस रुपये धरले तर चार लाख. वर्षभराची औषधं, मजुरी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या गाडीत बसून गेलं. दर हंगामात ही बातमी मी लिहितो. गावाचं नाव बदलतं, आकडा बदलतो, बाकी मजकूर तोच. पहिली गाडी रोखीनं देणं हा काही चांगुलपणा नाही, ते भांडवल आहे. हे दहा वेळा छापलंय.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. शेतकऱ्याला कुठंही, कुणालाही विकायचं स्वातंत्र्य. द्राक्षं तशी आधीपासूनच बांधावर विकली जात होती, त्यामुळं सगळं खापर त्या निर्णयावर फोडणं बरोबर नाही. माझं म्हणणं इतकंच, की मधला माणूस काढताना त्यानं उचललेली जोखीम कुणाच्या डोक्यावर ठेवली, हे कुणी विचारलंच नाही. ती ज्याचा माल नाशवंत आणि हात रिकामा, त्याच्याच डोक्यावर बसली.

कायदा नाही असं नाही. १९३० चा मालविक्री कायदा म्हणतो, पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवून धरायचा हक्क आहे. खरेदीदाराचं दिवाळं निघालं तर वाटेतली गाडीसुद्धा थांबवता येते. पण माल त्याच्या ताब्यात गेला की हा हक्क संपला. चेक वटला नाही तर १९८९ पासून लागू झालेलं कलम १३८ आहे. बँकेनं चेक परत केल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची, पुढं पंधरा दिवस वाट बघायची, मग महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही तक्रार आपल्या बँकेच्या गावीच करता येते, व्यापाऱ्याच्या गावी हेलपाटे नाहीत. आमच्याकडचे कितीतरी शेतकरी तो तीस दिवसांचा काळ 'देतो म्हणालाय' या वाक्यावर घालवतात.

ऑनलाइनचं तेच आहे. पिढ्यान् पिढ्या आपण पेढी, अडत्या, पोस्टमन, बँक असं कुणीतरी मधे ठेवलं. चीनमध्ये ऑनलाइन बाजार वाढला तेव्हा तिथल्या लोकांचाही अनोळखी विक्रेत्यावर विश्वास नव्हता. २००४ मध्ये अलीपे आलं. ते पैसे मधे धरून ठेवायचं आणि माल मिळाल्याचं कळल्यावर विक्रेत्याला द्यायचं. म्हणजे आपला अडत्याच, मोबाइलमध्ये बसलेला. आपल्याकडच्या मोठ्या खरेदी साइटही काही प्रमाणात हे करतात. पण जुन्या वस्तू विकायच्या ज्या जाहिरात साइट आहेत, तिथं बहुतेक वेळा फक्त दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देतात. पुढं तुमचं तुम्ही.

ठग मंडळींनी ही रिकामी जागा बरोबर हेरली. आधी यूपीआयवर पैसे मागणारी विनंती पाठवायचे आणि 'हे स्वीकारा' म्हणायचे. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय बंद केलीय. क्यूआर कोड मात्र आहेच. बनावट स्क्रीनशॉट आहे, बँकेच्या नावानं येणारा खोटा मेसेज आहे.

एक नवीन भानगड मात्र फार कमी लोकांना माहीत आहे. पैसे खरोखर येतात, पण तिसऱ्याच कुणाच्या खात्यातून. ठगानं कुणाला तरी फसवून त्यालाच तुमच्या खात्यावर पैसे टाकायला लावलेले असतात. तुम्ही सोन्याची चेन, मोबाइल, कॅमेरा देऊन मोकळे. चार दिवसांनी त्या फसलेल्या माणसाची तक्रार होते आणि तुमच्या खात्यातली रक्कम गोठते, कधी अख्खं खातंच. सराफांना याचा चांगलाच अनुभव आहे. म्हणून समोरच्याचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्या खात्याचं नाव एकच आहे का, हे बघा. शहाजोग हुंडीवाले तरी दुसरं काय बघत होते?

फसलातच तर लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचा कायदाही १९३० चा आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइनही १९३०. योगायोग आहे, पण लक्षात राहायला बरा.

तर मित्राचा कॅमेरा. तो 'लष्करवाला' नाही म्हटल्यावर शिव्या देऊन गेला. दोन दिवसांनी दुसरं गिऱ्हाईक आलं, इचलकरंजीचा एक तरुण. मित्राला म्हटलं, घरी बोलवू नको, रस्त्यावरही नको, तुझ्या बँकेच्या शाखेत बोलव. दुपारी मीपण गेलो. पोरानं कॅमेरा तासभर तपासला, चांगलं केलं. मग म्हणाला, "पैसे मेहुण्याच्या खात्यावरून टाकले तर चालतील का?" मित्र माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, नाही चालणार, तुझ्याच खात्यावरून टाक. पोरगा थोडा चिडला, मग बाहेर जाऊन कुणाशी तरी बोलला, आणि स्वतःच्या खात्यावरून पाठवले. मित्रानं मेसेज न बघता काउंटरवर जाऊन खातं तपासून घेतलं. साध्या कागदावर दोन प्रतीत पावती केली, कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, ओळखपत्राची झेरॉक्स. मग बॅग दिली.

बाहेर चहा घेताना पोरगा मोकळा झाला. म्हणाला, "दादा, रागावू नका, पण मलापण रात्री झोप नव्हती. म्हटलं, कॅमेरा चोरीचा निघाला तर?" आणि मित्राकडं वळून म्हणाला, "तुम्ही घेतला तेव्हाचं बिल असेल ना घरी? तेवढं व्हॉट्सअॅप करा."

मित्र घरी जाऊन ते बिल शोधतोय. अजून सापडलेलं नाही.